पाणकोंबडीचे निवृत्त कर्मचारी

कवळीवाले आयुष्यात विमानात कधी बसले नव्हते. एकदाच विमानतळावर गेले होते, मेहुणीला सोडायला. पण गाडी लावायला जागा शोधेपर्यंत मेहुणी उडून गेली होती. तरी त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत, भिंतभर ठोकलेल्या फळ्यांवर, एकशे तेरा विमानं होती. त्यातलं एकही जगात कुठे उडालेलं नव्हतं, कारण त्यातलं एकही जगात कधी झालेलंच नव्हतं.

नाव त्यांचं चांगलं भारदस्त होतं, पण ते आता फक्त दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथे बसून ते सव्वीस वर्षं कवळ्या करत होते, म्हणून सगळ्यांच्या तोंडी कवळीवाले. मेण, प्लास्टर, गुलाबी अ‍ॅक्रिलिक, कानशी, पॉलिशचं चाक आणि खिडकीतला रेडिओ, एवढं त्यांचं राज्य. पेशंट त्यांना क्वचितच दिसायचे. दिसायचे ते त्यांचे जबडे, प्लास्टरचे, नंबर घातलेले. त्यामुळे रस्त्यात कुणी नमस्कार केला की कवळीवाल्यांची पंचाईत व्हायची. चेहरा काही केल्या आठवायचा नाही. समोरचा हसला की मात्र लख्ख ओळख पटायची. "अरे हो, तुम्ही! खालचा डावा सुळा तिरका!" असं ते आनंदाने ओरडायचे, आणि समोरचा माणूस हसणं आवरतं घ्यायचा.

विमानांचं खूळ लागलं ते बहिणीमुळे. साठाव्या वाढदिवसाला तिने प्लास्टिकच्या लढाऊ विमानाचं किट दिलं. खोक्यावर रुबाबदार चित्र, आत चौकटींना जोडलेले बारीक बारीक भाग. कवळीवाल्यांनी भाग कापून ओळीने मांडले तेव्हा लक्षात आलं, की पंख दोन्ही डावेच आहेत. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीने मनापासून माफी मागितली आणि आणखी एक डावा पंख पाठवला. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, उजवा हा शब्द दोनदा अधोरेखित करून. चौथा डावा पंख आला, सोबत एक कॅलेंडर.

दुसरा कुणी असता तर खोकं माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. पण कवळीच्या धंद्यात काही फेकायची पद्धत नसते. आहे त्या जबड्याला आहे ते दात बसवायचे असतात. त्यांनी चारही डावे पंख घासले, फटी पुट्टीने भरल्या, आणि आठवड्याभरात चार डाव्या पंखांचं एक विमान टेबलावर उभं केलं.

बायकोने ते बराच वेळ निरखलं. बायको जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं काढून नुकतीच निवृत्त झाली होती. घरात सगळे तिला नोंदणीबाई म्हणत, तिची स्वतःची आईसुद्धा.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"विमान."

"कुठल्या देशाचं?"

"कुठल्याच नाही. असं विमान नसतंच."

"नसतंच म्हणजे काय? समोर आहे ना? मग त्याची नोंद नको?"

तिने एक कोरं कार्ड घेतलं आणि कचेरीतल्या त्या गोल, ठाशीव अक्षरात लिहिलं: 'चक्री, मार्क एक. हे विमान फक्त उजवीकडे वळत असे. डावीकडे जायचं असल्यास वैमानिकाला तीनदा उजवीकडे वळावं लागे. त्यामुळे शत्रू गोंधळत असे, आणि वैमानिकही.'

एकतीस वर्षं जिने एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं, तिला त्या कार्डाने काय सुख दिलं ते तिचं तिलाच ठाऊक. कार्ड वाळेपर्यंत तिने विचारलं, "पुढचं कधी?"

असं ते सुरू झालं. कवळीवाले दोन-तीन किट विकत आणायचे, त्यांची सरमिसळ करायचे, याचं पोट त्याला, त्याची शेपटी याला. नोंदणीबाई त्याला जन्म, कारकीर्द आणि मृत्यू द्यायची. प्रवाशांना वारं खाता यावं म्हणून बाल्कन्या असलेलं विमान झालं; बाल्कन्यांत कपडे वाळत घालायला दोऱ्याही होत्या. बॉम्बफेकी विमानाचं फिरतं वाचनालय झालं. त्याच्या कार्डावर लिहिलं होतं: 'पुस्तकं वरून टाकली जात. परत करण्याची सोय नव्हती.'

गावात छोट्या विमानांचं एक हौशी मंडळ होतं. त्याचे सचिव म्हणजे फार काटेकोर माणूस. खिशात कायम भिंग. कुणाचंही मॉडेल समोर आलं की ते पंखावरचे रिवेट मोजायला घेत, आणि एक जरी कमी भरला तरी घरातलं माणूस गेल्यासारखे खुर्चीत बसत. मंडळाचं वर्षातून एकदा शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरे. खऱ्या विमानांच्या हुबेहूब प्रतिकृती मधल्या टेबलांवर. कवळीवाल्यांचं टेबल स्वच्छतागृहाच्या दाराशी, त्यावर पाटी: 'इतर'.

"तुमचा हात चांगला आहे," सचिव दरवर्षी हळहळून म्हणत, "पण जे नाही त्याला मी मार्क कसे देऊ? ताडून कशाशी पाहू?"

कवळीवाले मान डोलवत. त्यांना मार्कांचं काही नव्हतं. आत जाणारे लोक घाईत असले तरी बाहेर येणारे निवांत असतात आणि टेबलापाशी थांबतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

मग त्यांनी पाणकोंबडी केली. एका प्रवासी विमानाचा वरचा अर्धा भाग आणि एका स्पीडबोटीच्या किटचा तळ. पोट अगदी फुगीर. सांधा मोठा निघाला, पुट्टी संपली, म्हणून ते विमान कामावर घेऊन गेले आणि पोटाला कवळीचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक चढवलं. नोंदणीबाईने कार्ड लिहिलं:

'पाणकोंबडी, मार्क तीन. तलाव-दल. पाण्यावर उतरण्यात निष्णात. पाण्यावरून पुन्हा उडण्याची सोय आराखड्यात राहून गेली. त्यामुळे प्रत्येक उड्डाणानंतर सोळा जणांचं दोर-पथक विमान ओढत धावपट्टीपर्यंत आणत असे. पोटाचा गुलाबी रंग पहाटेच्या आकाशात मिसळण्यासाठी. दुसऱ्या वर्षी नकाशा-अधिकारी दाट धुक्यात लघुशंकेसाठी पंखावर गेले, ते परतले नाहीत.'

विमान खिडकीत वाळत होतं, कार्ड शेजारी पडलं होतं, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी एका आजोबांना मागच्या खोलीत पाठवलं. कवळी हिरडीला टोचत होती, जागच्या जागी घासून हवी होती. आजोबांनी कवळी काढून कवळीवाल्यांच्या हातात दिली आणि वाट बघत खिडकीशी उभे राहिले. कार्ड वाचलं. मग विमानाकडे पाहिलं. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले.

"काय म्हणालात?"

आजोबा पुन्हा म्हणाले. दात नसल्यामुळे आपल्या ऐकण्यात गफलत होतेय असं वाटून कवळीवाल्यांनी घाईघाईने कवळी घासून दिली. आजोबांनी ती बसवली, दोनदा चावून पाहिली आणि स्वच्छ शब्दांत म्हणाले, "मी हिच्यावर होतो. दोर-पथकात. सोळांतला चौथा, डावी बाजू."

"अहो आजोबा, हे मी केलंय. मनाने."

"केलंय झकास. पण दोराची कडी तुम्ही उजवीकडे लावलीत. ती डावीकडे असायची. हा बघा, अजून घट्टा आहे."

त्यांनी तळहात पुढे केला. घट्टा खरंच होता.

घरी येऊन कवळीवाल्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, बायको पोट धरून हसेल. नोंदणीबाई मात्र गंभीर झाली.

"डावी बाजू म्हणाले? मी बाजू लिहिलीच नव्हती." तिने कार्ड पुढे ओढलं आणि 'सोळा जणांचं'च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं: 'आठ डावीकडे, आठ उजवीकडे.'

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी आजोबा एकटे आले नाहीत. सोबत आणखी सहा म्हातारे होते, सगळे इस्त्रीच्या शर्टात, केस ओले करून बसवलेले. ते थेट 'इतर'च्या टेबलापाशी गेले आणि पाणकोंबडीसमोर दोन रांगांत उभे राहिले. उरलेले नऊ एक तर गेले होते किंवा त्यांचे गुडघे गेले होते, असं आजोबांनी सांगितलं. एकाने विमानाच्या पोटाला बोट लावलं आणि म्हणाला, "गुलाबी. आम्ही किती हसायचो, आठवतं?" आणि सातही जण हसले. कवळीवाल्यांनी सवयीने दात पाहिले. चार कवळ्या त्यांच्याच हातच्या होत्या.

गर्दी जमली तसे सचिवही आले. त्यांनी सातही म्हाताऱ्यांना वेगवेगळं बाजूला घेऊन विचारलं. दोर किती लांब? ओढायला किती वेळ लागायचा? हुकूम कोण द्यायचा? सगळ्यांची उत्तरं जुळली. सचिव परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी भिंग काढलं आणि वर्षानुवर्षं जे करायला मिळालं नव्हतं ते केलं: कवळीवाल्यांच्या विमानाचे रिवेट मोजले. मग स्वतःच्या हातांनी ते उचलून मधल्या टेबलावर नेलं.

दुपारी निकाल लागला. पाणकोंबडीला तिसरं बक्षीस.

"दुसरं दिलं असतं," सचिव म्हणाले, "पण दोराची कडी चुकीच्या बाजूला आहे. मूळ विमानाशी विसंगत."

"अहो, मूळ विमान नाहीच आहे!" कवळीवाले कळवळून म्हणाले. "अर्धी ती स्पीडबोट आहे. खोकं घरी आहे, दाखवतो."

"खोकं काय सांगता? सात माणसं समोर उभी आहेत. ती खोटं बोलतायत का?"

"खोटं नाही हो..."

"मग कडी बदला," सचिव म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी जरा अभ्यास करून या."

पुढचा प्रकार दुसऱ्या दिवशी घडला. एक उंच, काठीसारखे ताठ गृहस्थ सभागृहात आले, हातात टोपी. पाणकोंबडीपाशी थांबले, कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं. मग आवाज न चढवता विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मी," नोंदणीबाई पुढे होऊन म्हणाली.

"बाई, मी मेलेलो नाही."

नोंदणीबाईचा चेहरा पांढरा पडला. एकतीस वर्षांत तिच्या वहीत एकदाही जिवंत माणूस मेलेला लागला नव्हता. बाकीच्यांच्या वहीत लागायचे. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने तर एकदा खुद्द साहेबांनाच मारलं होतं. तिच्या नाही. तिने सवयीने विचारलं, "पुरावा?"

"मी उभा आहे ना तुमच्यासमोर."

"नुसतं उभं राहणं पुरावा म्हणून धरत नाहीत. ओळखीचे दोन साक्षीदार लागतात."

आजोबा आणि दोर-पथकातला आणखी एकजण पुढे आले. हेच आमचे नकाशा-अधिकारी, असं त्यांनी सांगितलं. आम्ही यांना नकाशासाहेब म्हणायचो. धुक्यात पंखावर गेले होते हे खरं, पण परतले.

"कसे परतलात?" नोंदणीबाईने विचारलं.

"दुसऱ्या दाराने," नकाशासाहेब म्हणाले. "मी आत येऊन झोपलो होतो. हे लोक तीन तास मला बाहेर शोधत होते."

कार्डाच्या मागच्या बाजूला दोघांच्या सह्या झाल्या. 'ते परतले नाहीत' यावर नोंदणीबाईने पट्टीने सरळ रेघ मारली, वर लिहिलं 'ते दुसऱ्या दाराने परतले', आणि शेजारी स्वतःची आद्याक्षरं टाकली. मग ती नकाशासाहेबांना म्हणाली, "माफ करा हो. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं." नकाशासाहेबांनी टोपी छातीशी धरली आणि म्हणाले, "होतं असं. आता बरं वाटतंय."

तिसऱ्या दिवशी, सामान आवरताना, आजोबांची मुलगी आली. मुलगी म्हणजे पन्नाशीच्या बाई, सरकारी दवाखान्यात परिचारिका. तिने कवळीवाल्यांना दाराशी बोलावलं.

"काका, एक सांगायचं होतं. आमचे बाबा चौतीस वर्षं कागदाच्या गिरणीत होते. गठ्ठे ओढायचे. हाताचा घट्टा तिथला आहे. ते बाकीचे म्हणजे बागेतल्या बाकावरचे मित्र. एक कुलपं दुरुस्त करायचे. ते नकाशासाहेब शाळेत भूगोल शिकवायचे."

"अस्सं," कवळीवाले म्हणाले. का कोण जाणे, त्यांना किंचित वाईट वाटलं.

"तुम्हाला त्रास होत असेल तर मी समजावते त्यांना."

"पण उत्तरं सगळ्यांची जुळली कशी?"

"रोज सकाळी बाकावर बसून तेच बोलतात हो. महिना झाला. आधी नुसते गप्प बसायचे. बाबांना निवृत्त झाल्यापासून कुणी विचारलंच नाही, तुम्ही काय करायचात म्हणून. आणि विचारलं असतं तरी गठ्ठे ओढायचो, एवढंच सांगणार ना?"

कवळीवाल्यांनी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हणाले, आपण खरं काय ते बोलायला हवं, बिचारे फसतायत. नोंदणीबाई चहा गाळत होती.

"कोण फसतंय?" ती मग म्हणाली. "विमान झालं नाही हे तुम्हाला माहीत, ते त्यांना माहीत. साक्षीदारांच्या सह्या झाल्यात. हरकत घ्यायची मुदत असते, ती तुम्ही तिथेच घ्यायला हवी होती. आता नोंद झाली."

"अगं, पण..."

"चहा घ्या."

कवळीवाल्यांनी चहा घेतला, आणि मग कडी उजवीकडून काढून डावीकडे बसवली.

आठवड्याने आजोबा दवाखान्यात आले ते आमंत्रण घेऊन. दोर-पथकाचा मेळावा ठरला होता. गावाबाहेरच्या तलावावर, रविवारी सकाळी. विमान मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मासेमाराची एक जुनी नाव मागून आणली होती. नावेला गुलाबी चादर गुंडाळली होती. सात म्हातारे, आजोबांची मुलगी, कवळीवाले, नोंदणीबाई, आणि कुणी बोलावलेलं नसताना सचिव, हातात मोजपट्टी घेऊन. नकाशासाहेब नावेत उभे होते. आपण नेमके कुठे आहोत ते अधूनमधून मोठ्याने सांगत होते, आणि ते प्रत्येक वेळी बरोबर होतं.

माणसं कमी पडत होती म्हणून कवळीवाल्यांना डावीकडे आजोबांच्या मागे उभं केलं. सचिवांना उजवीकडे. मुलगी आणि नोंदणीबाई शेवटी. आजोबांनी दोर खांद्यावर घेतला, मागे वळून रांग पाहिली आणि हुकूम दिला, "पाणकोंबडी, घरीऽऽ चल!"

कवळीवाल्यांनी नंतर डॉक्टरीणबाईंना कितीदा तरी सांगितलं, की बाकीचं सगळं सोडा, पण ती ओढण्याची रीत बाकावर बसून शिकता येत नाही. डावं पाऊल, ओढ, थांब. डावं पाऊल, ओढ, थांब. सात म्हाताऱ्यांपैकी एकाचंही पाऊल चुकलं नाही. सचिवांचं चुकलं, कवळीवाल्यांचं चुकलं, म्हाताऱ्यांचं नाही. नाव चिखलातून वर सरकत आली, गुलाबी चादर घासत आली, आणि कवळीवाल्यांना मधेच असं वाटलं की मागे वळून पाहिलं तर नावच असेल असं नाही. त्यांनी वळून पाहिलं नाही.

काठापासून दोन हातांवर आजोबांनी दुसरा हुकूम दिला, पहिल्यापेक्षा जोरात, आणि त्यांची कवळी तोंडातून सुटून पाण्यात गेली. सगळे थांबले. पाणी गढूळ झालं होतं. सचिवांनी पँट दुमडून गुडघाभर पाण्यात भिंगाने शोध घेतला. एक चप्पल सापडली. आजोबांनी हात हलवून सगळ्यांना जागेवर जायला सांगितलं आणि उरलेले हुकूम बिनदातांनी दिले. एकही शब्द कळला नाही, पण पथकाला कळला.

नवीन कवळी करायला कवळीवाल्यांना दहा दिवस लागले. या वेळी त्यांनी ती इतकी घट्ट बसवली की आजोबा तक्रार करत आले, जांभई देता येत नाही.

त्यानंतर एका दुपारी सचिव दवाखान्यामागच्या खोलीत आले. दात सगळे स्वतःचे होते, तेव्हा कामाचं काही नसणार हे कवळीवाल्यांनी ओळखलं. सचिव स्टुलावर बसले. प्लास्टरचे जबडे मोजल्यासारखे बघत राहिले.

"तुम्ही ऑर्डर घेता का?" शेवटी ते म्हणाले.

"कवळीची?"

"विमानाची." सचिवांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "मी एकोणिसाव्या वर्षी वैमानिक व्हायला गेलो होतो. डोळे तपासायच्या तक्त्यावरची तिसरी ओळ वाचता आली नाही. परत पाठवलं."

कवळीवाल्यांनी पॉलिशचं चाक बंद केलं.

"असं एखादं विमान असेल," सचिव म्हणाले, "असेल म्हणजे, असायला हरकत नाही... ज्यात चांगली नजर चालत नसेल. नंबर असलेलाच माणूस लागत असेल. उणे चार तरी."

"समोरची काचच नंबरची असायची," कवळीवाले विचार करत म्हणाले. "साध्या डोळ्यांना आतून सगळं धूसर दिसायचं."

"हां!" सचिव स्टुलावरून उठले. "शत्रूच्या हाती लागलं तरी त्याला चालवता येऊ नये म्हणून!"

त्या संध्याकाळी तिघं पुढच्या खोलीत टेबलाभोवती बसले. एका किटमधलं पारदर्शक छत कवळीवाल्यांनी तापवून फुगवून पाहिलं, ते भिंगासारखं झालं. नोंदणीबाईने कोरं कार्ड पुढे घेतलं आणि विचारलं, भरती किती साली झाली, किती वर्षं सेवा, बढती कधी. सचिव एकेक सांगत होते, आधी अडखळत, मग भराभर. नोकरीची एकोणतीस वर्षं लिहून झाल्यावर नोंदणीबाईने पेन थांबवून विचारलं, "अपघात?"

"एक," सचिव म्हणाले. "छोटा. पण चूक माझी नव्हती, तसं स्पष्ट लिहा."

"लिहिते. आणि रिवेट किती?"

सचिवांनी खिशातून भिंग काढलं, मग पुन्हा आत ठेवलं.

"असतील तितके," ते म्हणाले.